मेनफ्रेमवरील पॅकेटचा आकार आणि जंबो फ्रेम : नागपूर केंद्राच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

विमा क्षेत्रातील एका ग्राहकाची दोन मेनफ्रेम यंत्रे आमच्या देखभालीखाली आहेत. प्रॉडक्शनचे यंत्र मुंबई परिसरातील डेटा सेंटरमध्ये आहे, तर आपत्कालीन केंद्राचे यंत्र नागपुरात असून एरवी त्यावर चाचणीचे आणि विकासाचे एलपार (एकाच यंत्राचे स्वतंत्रपणे चालणारे विभाग) चालतात. दोन्ही यंत्रांची नेटवर्कची बाजू मिहानमधील आमच्या कार्यालयातून सांभाळली जाते. रात्रीच्या बॅचमध्ये मेनफ्रेम आणि विश्लेषणाचे लिनक्स सर्व्हर यांच्यात दोन्ही दिशांनी मोठ्या फाइलींची ये-जा होते आणि गेल्या काही महिन्यांत ही वाहतूक पहाटे ऑनलाइन कामकाज सुरू होण्याच्या वेळेला येऊन भिडू लागली आहे. यावर उपाय म्हणून ग्राहकाने पाठवलेल्या विनंतीत "जंबो फ्रेम सुरू कराव्यात" एवढेच वाक्य आहे. जंबो फ्रेम म्हणजे नेहमीच्या १५०० बाइटऐवजी सुमारे ९००० बाइटपर्यंतचे पॅकेट एका खेपेत नेणारी इथरनेट फ्रेम.

कामाला हात घालण्यापूर्वी आमची भूमिका नोंदवून ठेवतो. पॅकेटचा कमाल आकार, म्हणजेच एमटीयू, एखाद्या यंत्राच्या प्रोफाइलमध्ये लिहिला जातो खरा. पण तो गुण असतो संपूर्ण वाटेचा. मेनफ्रेमचे ओएसए कार्ड (नेटवर्क कार्ड), त्याला जोडलेला स्विच, स्विचांमधील ट्रंक (दोन स्विचांना जोडणारा दुवा), वाटेतील राउटर व फायरवॉल आणि पलीकडच्या सर्व्हरचे नेटवर्क कार्ड या सर्वांनी तो आकार मान्य केला, तरच तो खरा. म्हणून एखाद्या यंत्रावर जंबो फ्रेम सुरू आहे की नाही, ही विचारणा या प्रकल्पात अपुरी मानली जाईल. अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंतची वाट किती बाइटची आहे, असे दर वेळी विचारले जाईल आणि त्याचे उत्तर मोजून दिले जाईल.

६ ऑगस्ट २०२५, बुधवार

सध्याच्या मांडणीची पाहणी केली. नेटवर्कची स्थिती दाखवणाऱ्या नेटस्टॅट आज्ञेच्या डेव्हलिंक्स अहवालात दोन्ही केंद्रांतील ओएसए इंटरफेसवर संरचित एमटीयू दिलेला नाही आणि प्रत्यक्ष एमटीयू ८९९२ आहे. क्यूडीआयओ पद्धतीने (मेमरीशी थेट देवाणघेवाण करून) चालणारे गिगाबिट किंवा त्याहून वेगवान ओएसए कार्ड ८९९२ बाइटपर्यंतचे पॅकेट स्वीकारते, त्यामुळे हा आकडा कार्डाच्या क्षमतेचा आहे. तेवढ्यावरून वाहतूकही त्याच आकाराने होते असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण झेड-ओएस ही मेनफ्रेमची कार्यप्रणाली पॅकेट पाठवताना इंटरफेसचा आणि राउटचा (त्या ठिकाणासाठी नोंदलेल्या वाटेचा) असे दोन्ही आकडे पाहते व त्यांतील लहान आकडा धरते. राउटच्या सविस्तर अहवालात बहुतेक ओळींवर १४९२ आढळला. इथरनेटची १५०० ही मर्यादा १९८० च्या मूळ तपशिलापासून चालत आलेली आहे, ८०२.३ पद्धतीच्या फ्रेममध्ये शीर्षकाचे आणखी ८ बाइट जातात म्हणून १४९२. ८९९२ देखील याच हिशेबाने, ९००० मधून ८ वजा होऊन, आलेला आहे.

नागपूरच्या यंत्रावरील एका जुन्या स्थिर राउटवर मात्र, असे राउट नोंदवणाऱ्या बिगिनराउट्स विधानात, एमटीयूच्या जागी डीफॉल्टसाइझ असे लिहिलेले सापडले. नावावरून सर्वसाधारण इथरनेटचा आकार मिळेल अशी कोणाचीही समजूत होईल, परंतु आयपीच्या चौथ्या आवृत्तीसाठी या शब्दाचा अर्थ ५७६ बाइट असा आहे. १९८१ च्या आरएफसी ७९१ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने प्रत्येक यंत्राने किमान एवढे पॅकेट स्वीकारलेच पाहिजे असे ठरवले होते, तिथून हा आकडा आला. त्यातून टीसीपी व आयपीची शीर्षके वजा केली की मालासाठी ५३६ बाइट उरतात. ज्या विकास सर्व्हरकडे या राउटने फाइली जातात तो "पहिल्यापासूनच सुस्त" म्हणून ओळखला जातो, याचे निम्मे कारण इथे मिळाले असावे. गतिमान राउटिंगसाठीच्या ओएमपीराउटमध्येही एमटीयू न लिहिल्यास हेच ५७६ गृहीत धरले जाते, म्हणून मुंबईच्या यंत्राची ती फाइल ओळीओळीने तपासण्यास सांगितले आहे. जंबो फ्रेमचा विचार करण्याआधी असे राउट १४९२ वर आणणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुरक्षित काम आहे.

८ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

ग्राहकाच्या व्यवस्थापनाला लाभाचा अंदाज हवा आहे. आश्वासन देण्याऐवजी गणित मांडून दाखवावे, असे ठरवले.

एक अब्ज बाइटची फाइल पाठवायची असेल तर ५३६ बाइटच्या सेगमेंटने (एका पॅकेटमध्ये जाणाऱ्या मालाच्या तुकड्याने) सुमारे १८,६५,६७२ पॅकेट लागतात, १४६० च्या सेगमेंटने ६,८४,९३२ आणि ८९५२ च्या सेगमेंटने १,११,७०७. वायरवरील बचत त्यामानाने माफक आहे : १५०० च्या पॅकेटमागे शीर्षके, तपासणी-बेरीज, प्रारंभीची खूण आणि दोन फ्रेममधील सक्तीचे अंतर मिळून वायरवर १५३८ बाइटची जागा जाते व त्यातील १४६० बाइट मालाचे असतात, म्हणजे जवळपास ९५ टक्के. ८९९२ च्या पॅकेटसाठी हेच प्रमाण ९९ टक्क्यांच्या किंचित वर जाते. टीसीपीचा वेळ-शिक्का सुरू असल्यास प्रत्येक सेगमेंटमधून आणखी १२ बाइट कमी होतात, पण त्याने चित्र बदलत नाही. थोडक्यात, वाहिनी चार टक्क्यांनी रुंद होण्यासाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. पॅकेटची संख्या सहाव्या हिश्शावर येते, हा खरा मुद्दा आहे, कारण प्रोसेसरचा खर्च बाइटपेक्षा पॅकेटवर अधिक अवलंबून असतो. प्रत्येक पॅकेटमागे शीर्षक तपासणे, योग्य जोडणी शोधणे, पोच देणे आणि बफर मोकळा करणे ही कामे ठरलेलीच असतात. ज्या ग्राहकाचे सॉफ्टवेअर-शुल्क चार तासांच्या सरकत्या सरासरीच्या महिन्यातील उच्चांकावर ठरते, त्याच्या दृष्टीने रात्रीच्या बॅचमधील प्रोसेसरचा खर्च हा सरळ पैशाचा विषय आहे.

तरीही दोन गोष्टी स्पष्ट लिहिणे आमचे कर्तव्य समजतो. पहिली अशी की, सेगमेंटेशन ऑफलोड सुरू असलेल्या यंत्रावर टीसीपी मोठा तुकडा एकदम ओएसए कार्डाच्या हवाली करते आणि त्याचे पॅकेटच्या आकाराचे भाग कार्डच पाडते; त्यामुळे मेनफ्रेममधून बाहेर जाणाऱ्या फाइलींवर जंबो फ्रेमने होणारी प्रोसेसरची बचत मर्यादित राहते. मोठी बचत येणाऱ्या फाइलींवर होते, कारण येणारे प्रत्येक पॅकेट मेनफ्रेमला हाताळावेच लागते. आमच्या ग्राहकाकडे पहाटे विश्लेषणाचे निकाल परत येतात, आणि तीच बाजू आज सर्वांत जड आहे. दुसरी गोष्ट अशी की, दिवसाच्या ऑनलाइन व्यवहारांतील संदेश काहीशे बाइटचे असतात. त्यांना पेटी १५०० ची मिळाली काय आणि ९००० ची मिळाली काय, सारखेच. तेव्हा ऑनलाइन वाहतुकीला या बदलापासून दूर ठेवावे, अशी शिफारस आज लेखी दिली.

तुलनेसाठी आधाररेषा म्हणून एसएमएफच्या (झेड-ओएसच्या वापर-नोंदणीच्या) ११९ प्रकारच्या नोंदींमधून एफटीपीच्या प्रत्येक हस्तांतराचे बाइट आणि लागलेला वेळ काढून ठेवण्याचे काम आजपासून लावले आहे.

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

नेटवर्क विभागाबरोबर बैठक झाली. जंबो फ्रेमच्या आकाराला आयईईई या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक नाही. ९००० ही उद्योगात रुळलेली प्रथा आहे. त्यामुळे प्रत्येक उत्पादकाची मोजण्याची रीत वेगळी. कोणी केवळ आयपी पॅकेट मोजतो, कोणी इथरनेटचे १४ बाइटचे शीर्षक आणि ४ बाइटची तपासणी-बेरीज धरून ९०१८ म्हणतो, कोणी व्हीलॅनच्या (त्याच स्विचांवर वेगळे काढलेल्या आभासी नेटवर्कच्या) खुणेचे ४ बाइट मिळवून ९०२२. बैठकीत बराच वेळ दोन्ही बाजू वेगवेगळे आकडे सांगत होत्या आणि दोघांचेही बरोबर होते. शेवटी असे ठरले की स्विचवर उपलब्ध असलेली कमाल मर्यादा, म्हणजे आमच्याकडील स्विचांवर ९२१६, लावून मोकळे व्हावे आणि नेमका आकडा केवळ टोकाच्या यंत्रांवर पाळावा. स्विचवर मोठी मर्यादा ठेवल्याने कोणाचे नुकसान होत नाही. स्विच स्वतःहून पॅकेट मोठे करीत नाही.

दुसरा निर्णय अधिक महत्त्वाचा आहे. मोठ्या फाइलींसाठी स्वतंत्र व्हीलॅन घ्यायचे आणि त्यात असलेल्या प्रत्येक यंत्रावर एमटीयू सारखाच ठेवायचा. एकाच व्हीलॅनमध्ये ८९९२ आणि १५०० अशी सरमिसळ असल्यास टीसीपी कसेबसे निभावून नेते, कारण जोडणीच्या सुरुवातीला प्रत्येक बाजू आपण किती मोठा सेगमेंट घेऊ शकतो हे जाहीर करते आणि पाठवणारा त्याच्या वर जात नाही. जोडणी न उघडताच पॅकेट पाठवणाऱ्या यूडीपीला असे काही संरक्षण नाही. शिवाय व्हीलॅनच्या आत राउटर नसल्यामुळे पॅकेट मोठे झाले असे सांगणारेही कोणी नसते.

१३ ऑगस्ट २०२५, बुधवार

त्याच यंत्रातील लिनक्स एलपारशी होणाऱ्या वाहतुकीसाठी हायपरसॉकेट्सचा, म्हणजे यंत्राच्या मेमरीतूनच चालणाऱ्या आतल्या नेटवर्कचा, विचार झाला. तिथे वायरच नसते. फ्रेमचा आकार आय-ओ व्याख्येत चॅनेलच्या पातळीवर ठरतो. १६, २४, ४० आणि ६४ किलोबाइट असे चार पर्याय असून त्यांतून अनुक्रमे ८, १६, ३२ आणि ५६ किलोबाइटचा एमटीयू मिळतो. आकार वाढला की बफरसाठी लागणारी मेमरीही वाढते आणि एकदा ठरलेला आकार त्या चॅनेलवरील सर्व एलपारना लागू होतो. सध्याचा १६ किलोबाइटचा चॅनेल तसाच ठेवून, पुढील आय-ओ बदलाच्या वेळी ४० किलोबाइटचा दुसरा चॅनेल जोडण्याचे ठरले. या प्रकल्पापुरता हा विषय इथे थांबवला.

१४ ऑगस्ट २०२५, गुरुवार

नागपूरच्या यंत्रावर नव्या व्हीलॅनसाठी इंटरफेस तयार केला. एकाच ओएसए पोर्टवर एकाहून अधिक व्हीलॅन चालवायचे असल्यास प्रत्येक इंटरफेसला स्वतःचा व्हीमॅक (आभासी मॅक पत्ता) आणि टीआरएलईमध्ये (कार्डाच्या व्याख्येत) स्वतंत्र डेटापाथ पत्ता लागतो. पत्ता शिल्लक आहे का हे आधीच पाहिले होते, त्यामुळे काम विनाअडथळा पार पडले.

त्यानंतर दोन चाचणी एलपारमध्ये मोठ्या पिंगची (उत्तर येते का हे पाहणाऱ्या संदेशाची) चाचणी झाली. ८९९२ मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे (नेटवर्कमधील सूचना-संदेशांच्या पद्धतीचे) ८ बाइट वजा जाता ८९६४ उरतात, म्हणून लेंग्थ ८९६४ आणि पीएमटीयू येस अशी आज्ञा दिली, जेणेकरून वाटेत पॅकेटचे तुकडे करण्यास मनाई राहील. उत्तर तत्काळ आले आणि चमूतील मंडळी समाधानाने टेबलावरून उठू लागली. परंतु हे दोन्ही एलपार एकच ओएसए पोर्ट वाटून घेतात. अशा वेळी कार्ड एका एलपारचे पॅकेट आतल्या आत दुसऱ्याकडे देते. फ्रेम तारेवर उतरतच नाही आणि स्विचला तिची वार्ताही नसते. ही चाचणी कार्डाची क्षमता सिद्ध करते, वाटेबद्दल तिच्यातून काहीही कळत नाही. म्हणून चाचणी-पत्रकात असा नियम घातला की स्वीकृतीची प्रत्येक पिंग वेगळ्या स्विचवर जोडलेल्या यंत्राकडेच करावी आणि तिच्या जोडीला सीमेच्या एक बाइट पलीकडची, म्हणजे ८९६५ ची, पिंगही करावी. ८९६४ चे उत्तर आले पाहिजे आणि ८९६५ ला नकार मिळाला पाहिजे. नकार मिळाला नाही तर तुकडे करण्याची मनाई लागू झालेली नाही, असे समजून आधीचे यशही रद्द धरावे.

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

आजची नोंद सविस्तर लिहीत आहोत, कारण पुढे कोणालाही हाच प्रसंग येऊ शकतो.

लिनक्स सर्व्हरांपैकी अर्धे पहिल्या स्विचवर आणि अर्धे दुसऱ्या स्विचवर जोडलेले आहेत. सर्व सर्व्हरांवर एमटीयू ८९९२ केलेला होता. पहिल्या स्विचवरील सर्व्हरांकडे फाइली उत्तम गेल्या. दुसऱ्या स्विचवरील सर्व्हरशी एफटीपीची जोडणी झाली, लॉगिन झाले, निर्देशिका बदलता आली, छोटी नियंत्रण-फाइलही पोहोचली. मोठी फाइल पाठवताच मात्र सारे जागच्या जागी थांबले. बॅच पाहणाऱ्या सहकाऱ्याने फोनवरून विचारले, "सर, लहान फाइल तर झटकन जाते, मोठीच काहून अटकते?" निदानाची सुरुवात याच प्रश्नातून झाली. लहान जाते आणि मोठे अडते, असे लक्षण दिसले की परवानग्या, डिस्क किंवा सर्व्हरची मंदगती यांच्या मागे लागण्यापूर्वी पॅकेटचा आकार तपासावा.

पॅकेट ट्रेस (पॅकेटची नोंद) सुरू करून आयपीसीएस या निदानाच्या साधनात पाहिला. चाचणी एलपारवर सेगमेंटेशन ऑफलोड मुद्दाम बंद ठेवला होता, कारण तो सुरू असताना ट्रेसमध्ये कार्डाकडे सोपवलेले मोठे तुकडे दिसतात आणि वायरवरचा आकार समजत नाही. डेटा जोडणीच्या पहिल्या देवाणघेवाणीत दोन्ही बाजूंनी कमाल सेगमेंट ८९५२ जाहीर केलेला होता. त्यानंतर पूर्ण आकाराचा पहिला सेगमेंट निघाला. पोच आली नाही. तोच क्रमांक पुन्हा, तीच लांबी पुन्हा, आणि दर वेळी मधले अंतर साधारण दुप्पट होत गेलेले. नेटस्टॅटच्या अहवालात पुनर्प्रेषणाचा आकडा वाढत होता आणि जोडणी मात्र तक्रार न करता प्रस्थापित स्थितीतच होती. आयसीएमपीचा एकही संदेश ट्रेसमध्ये नव्हता.

त्याच वेळी नेटवर्क विभागातील सहकारी नागपूरच्या सर्व्हर-हॉलमध्ये दुसऱ्या स्विचच्या कन्सोलवर बसले. ट्रंकच्या पोर्टवर प्रमाणाबाहेर मोठ्या फ्रेमचा काउंटर होता. आम्ही इकडून पुनर्प्रेषणाची वेळ वाचून दाखवत होतो आणि तिकडे तो काउंटर प्रत्येक वेळी एकाने पुढे सरकत होता. त्याहून स्पष्ट पुरावा असू शकत नाही. ९२१६ ची मर्यादा सर्व्हरांच्या पोर्टांवर लावली गेली होती, पण दोन स्विचांमधील ट्रंकच्या त्या टोकावर १५०० च राहिली होती. मर्यादा दुरुस्त करताच अडलेली फाइल जोडणी न तोडता पुढे सरकली, कारण टीसीपीचे पुढचे पुनर्प्रेषण यशस्वी झाले.

यातील तत्त्व असे आहे. राउटरला एखादे पॅकेट पुढच्या दुव्यासाठी मोठे वाटले आणि तुकडे करण्यास मनाई असली, तर तो ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीद्वारे तसे कळवतो. स्विच दुसऱ्या पातळीवर चालतो. तो मोठी फ्रेम टाकून देतो आणि कोणालाच काही कळवत नाही. म्हणून एका व्हीलॅनच्या आतील विसंगतीवर वाट-एमटीयू शोधण्याची कोणतीही युक्ती चालत नाही. तिथे प्रत्येक पोर्टचा आकडा डोळ्यांनी वाचणे आणि दोन्ही दिशांनी मोठी पिंग करणे, एवढाच मार्ग आहे.

२० ऑगस्ट २०२५, बुधवार

व्हीलॅनबाहेर जाणाऱ्या वाटांचा विचार आज पूर्ण केला. झेड-ओएसमध्ये आयपीच्या चौथ्या आवृत्तीसाठी वाट-एमटीयू शोध आपोआप सुरू नसतो. आयपीकॉन्फिग विधानात पाथएमटीयूडिस्कव्हरी असे स्पष्ट लिहावे लागते. सहाव्या आवृत्तीत तो असतोच आणि तिथे कोणताही दुवा १२८० बाइटपेक्षा लहान असू शकत नाही. ही पद्धत १९९० च्या आरएफसी ११९१ मध्ये मांडलेली आहे आणि ती सर्वस्वी एका संदेशावर उभी आहे : आयसीएमपीचा प्रकार ३, संकेत ४. हा संदेश वाटेतील एखाद्या फायरवॉलने अडवला की पाठवणारा मोठीच पॅकेट पाठवत राहतो आणि ती निमूटपणे गिळली जातात. २००० च्या आरएफसी २९२३ मध्ये या बिघाडाचे तपशीलवार वर्णन आहे, तरीही आयसीएमपी सरसकट बंद ठेवणारे नियम आजही जागोजागी दिसतात.

सुरक्षा विभागाला पाठवलेल्या पत्रात आम्ही सर्व आयसीएमपी खुले करण्याची मागणी केलेली नाही. फक्त हा एक प्रकार आणि संकेत, ज्ञात नेटवर्कांपुरता, मोकळा ठेवावा असे लिहिले आहे. त्यांच्याकडून असा पर्याय आला की फायरवॉलवरच जोडणीच्या पहिल्या पॅकेटमधील सेगमेंटचा आकडा कमी करून टाकावा. टीसीपीसाठी हा उपाय चालतो. परंतु ग्राहकाची जुनी एसएनए (आयबीएमची आयपीपूर्वीची नेटवर्क पद्धत) वाहतूक एंटरप्राइझ एक्स्टेंडरने, म्हणजे यूडीपीच्या १२००० ते १२००४ या पोर्टांवरून जाते आणि यूडीपीला सेगमेंटचा आकडाच नसतो. तेव्हा तो उपाय अपुरा ठरतो. चर्चेअंती आयसीएमपीचा नियम मान्य झाला.

२३ ऑगस्ट २०२५, शनिवार

आज तान्हा पोळा आणि मारबत. महाल आणि इतवारी भागांत राहणारे सहकारी मिरवणुकीची गर्दी ओसरल्यावरच निघू शकणार होते, म्हणून नागपूरच्या यंत्रावरील बदलाची वेळ रात्री उशिराची ठेवली होती. सर्व जण वेळेवर पोहोचले.

राउटचा बदल ओबेफाइलने, म्हणजे चालू यंत्राची नेटवर्क-मांडणी बदलणाऱ्या आज्ञेने, केला. या ठिकाणी एक इशारा ठळकपणे नोंदवावासा वाटतो. ओबेफाइलमध्ये बिगिनराउट्सचा गट आला की आधीचे सर्व स्थिर राउट काढून टाकले जातात आणि केवळ नव्या गटातील राउट उरतात. फक्त बदललेली एक ओळ लिहून फाइल चालवली, तर उरलेले यंत्र जगापासून तुटते. म्हणून संपूर्ण यादी लिहून, जुन्या यादीशी ओळीगणिक ताडून मगच आज्ञा दिली. पूर्वस्थितीवर येण्यासाठी जुनी संपूर्ण यादी दुसऱ्या डेटासेटमध्ये तयार ठेवली होती आणि हार्डवेअर कन्सोलवर एक सहकारी बसलेला होता, म्हणजे नेटवर्क तुटले तरी आज्ञा देता आली असती.

फाइलींच्या व्हीलॅनवरील सर्व्हरांसाठीचे राउट ८९९२, ऑनलाइनचे १४९२, डीफॉल्ट राउट १४९२ आणि ५७६ कोठेही नाही, अशी आता मांडणी आहे. सीमेच्या दोन्ही पिंग सर्व सर्व्हरांकडे, दोन्ही दिशांनी झाल्या. लिनक्सच्या बाजूने तुकड्यांना मनाई करून ८९६४ आणि ८९६५ ची हीच जोडी वापरली.

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

सकाळच्या तपासणीत काही जोडण्या अजूनही १४५२ च्या सेगमेंटने चालत असल्याचे दिसले आणि बदल लागू झाला नाही की काय, अशी शंका विचारण्यात आली. सेगमेंटचा आकार जोडणी उघडताना, पहिल्याच देवाणघेवाणीत ठरतो. त्यानंतर राउटचा एमटीयू वाढवला तरी चालू जोडणीला तो मिळत नाही. एफटीपी दर फाइलला नवी डेटा जोडणी उघडते, तिथे नवा आकार दिसत होता. संदेश-रांगांचे चॅनेल मात्र आठवडेच्या आठवडे उघडे असतात. त्यांपैकी फाइलींच्या व्हीलॅनवरील चॅनेल थांबवून पुन्हा सुरू केले आणि आकडा ८९५२ झाला. मुंबईच्या बदलपत्रकात ही पायरी स्वतंत्रपणे घातली आहे.

२६ ऑगस्ट २०२५, मंगळवार

मुंबई ते नागपूर डेटाच्या प्रतिकृतीच्या वाहिनीवरही जंबो फ्रेम लावावी, असा आग्रह ग्राहकाकडून झाला. आम्ही नकार सुचवला आहे आणि त्याची कारणे अशी आहेत. ही वाहिनी दूरसंचार कंपनीच्या उपकरणांतून जाते आणि तिथे १५०० च्या वरचा आकार लेखी हमीशिवाय गृहीत धरता येत नाही. दुसरे म्हणजे, तिथली अडचण पॅकेटच्या आकाराची नाहीच. काचतंतूतून प्रकाशाला दर किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात; दोन्ही शहरांतील सरळ अंतर ७०० किलोमीटरच्या आसपास असल्याने केवळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने जाऊन येण्यास ७ मिलिसेकंद जातात आणि तारेची वाट सरळ कधीच नसते, म्हणून १० धरू. प्राप्तीचा बफर ६४ किलोबाइट असेल तर दर १० मिलिसेकंदांत तेवढेच बाइट जाऊ शकतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ६५ लाख बाइट, साधारण ५२ मेगाबिट. वाहिनी एक गिगाबिटची असली तरी! ती भरायची असेल तर साडेबारा लाख बाइट सतत वाटेत असले पाहिजेत. उपाय बफरचा आहे, फ्रेमचा नाही. त्यानुसार टीसीपीकॉन्फिगमधील प्राप्तीच्या आणि प्रेषणाच्या बफरांचा वेगळा प्रस्ताव तयार करीत आहोत. उद्या गणेश चतुर्थीची सुटी आणि त्यानंतर महिनाअखेरीची बदलबंदी असल्याने तो सप्टेंबरमध्ये सादर होईल.

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

महिनाअखेरीची बॅच पार पडली. नागपूरच्या यंत्रावर चाचणीसाठी चालवलेल्या तिच्या प्रतिकृतीत येणाऱ्या फाइलींच्या काळातील टीसीपीच्या प्रोसेसर-वापरात स्पष्ट घट दिसते. जाणाऱ्या फाइलींत फरक किरकोळ आहे. ८ ऑगस्टच्या नोंदीत मांडलेल्या अपेक्षेशी हे जुळते. "सुस्त" विकास सर्व्हरबद्दलची तक्रार ५७६ जाऊन १४९२ आल्यापासून पुन्हा आलेली नाही. त्या वाटेवर जंबो फ्रेम नाहीच.

मुंबईच्या बदलासाठी ६ सप्टेंबरचा शनिवार सुचवला गेला होता. त्या दिवशी अनंत चतुर्दशी आहे. विसर्जनाच्या रात्री डेटा सेंटरमध्ये माणूस पोहोचेल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही, आणि हाताशी माणूस नसताना राउट बदलणे आम्हाला मान्य नाही. १३ सप्टेंबर निश्चित झाला.

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

मुंबईचा बदल काल रात्री नागपुरातून झाला. एक गोष्ट वेगळी होती : तिथे येणाऱ्या जोडण्या अनेक एलपारमध्ये वाटून देणारा सिसप्लेक्स डिस्ट्रिब्यूटर वापरात आहे. तो जोडण्या दुसऱ्या एलपारकडे वळवताना व्हीआयपीएराउटमुळे पॅकेटला आणखी एक शीर्षक चढवतो, त्यामुळे काठोकाठ भरलेले पॅकेट त्या वाटेवर मावत नाही आणि त्याचे तुकडे होतात. यासाठी ग्लोबलकॉन्फिगमधील ॲडजस्टडीव्हीआयपीएएमएसएस ही सोय आहे. ती वळणाऱ्या जोडण्यांसाठी जाहीर होणारा सेगमेंट आधीच लहान करते. तिची स्थिती आधी पाहून घेतली आणि मगच पुढे गेलो. बदलानंतर तुकड्यांचे आकडे वाढलेले नाहीत. दीर्घकाळ उघड्या राहणाऱ्या चॅनेलांची पुनःसुरुवात पत्रकाप्रमाणे झाली.

१६ सप्टेंबर २०२५, मंगळवार

दोन रात्रींच्या एसएमएफ नोंदी आधाररेषेशी ताडून पाहिल्या. परत येणाऱ्या निकालांची वाहतूक ऑनलाइन सुरू होण्यापूर्वी पुरेशी आधी संपते आहे. पुनर्प्रेषणाचे आकडे पूर्वीइतकेच आहेत, म्हणजे वाटेत मोठी पॅकेट गळत नाहीत.

एक काम उरते. आपत्कालीन सरावात प्रॉडक्शन नागपुरात आले की हीच वाहतूक नागपूरच्या स्विचांवरून जाईल आणि त्या वेळी एखादा नवा स्विच किंवा बदललेला ट्रंक मध्ये आलेला असू शकतो. म्हणून सरावाच्या पत्रकात, ॲप्लिकेशन सुरू करण्यापूर्वीच्या पायरीवर, फाइलींच्या व्हीलॅनमधील प्रत्येक सर्व्हरकडे ८९६४ आणि ८९६५ ची पिंग दोन्ही दिशांनी करून निकाल सहीनिशी नोंदवण्याची अट घातली आहे. पत्रकाचा मसुदा आज ग्राहकाकडे मंजुरीसाठी पाठवला.